पुंगळीच्या कडेवरच्या तीन खुणा

"हे नको," असं म्हणून वडक्यांनी काउंटरवर मांडलेल्या पितळकामाच्या हत्यारांतलं सगळ्यांत चकचकीत हत्यार उचललं आणि परत खोक्यात टाकलं.

समोर उभे असलेले हेर, म्हणजे श्रीयुत, राप्प मोठ्याने हसले. "हाउग, तुमचा हा माणूस माल विकतो की लपवतो?"

दुकानाचे मालक हेर हाउग मागच्या बाजूला शिकारीच्या बंदुका पुसत होते. त्यांनी नुसते खांदे उडवले. हत्यारांच्या बाबतीत वडक्यांच्या मधे पडायचं नाही, एवढं शहाणपण त्यांना सहा वर्षांत आलं होतं.

मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसून हे बघत होतो. साल १९६३. मी स्टुटगार्टमध्ये धातूंच्या विषयात डॉक्टरेट करत होतो आणि दर शनिवारी हेस्लाखच्या चढावर असलेल्या हाउगच्या दुकानात जाऊन बसत होतो. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मला मराठी ऐकायचं असे, आणि ते मला त्या शहरात फक्त तिथे मिळे.

दत्तात्रय वडके पुण्याच्या तांबट आळीतले. पुण्यात आमची ओळख होणं शक्यच नव्हतं. मी सदाशिव पेठेतला, वडील प्राध्यापक. तांबट आळीतून सायकल न्यायची वेळ आली तर ठोकाठोकीने डोकं उठतं म्हणून मी लांबचा रस्ता धरत असे. वडके त्याच ठोकाठोकीत वाढले. मॅट्रिक नापास झाले, खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांवर लागले, आणि तिथे यंत्र बसवायला आलेल्या एका जर्मन फिटरच्या ओळखीने सत्तावन्न साली सहा महिन्यांसाठी इथे आले. सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. हाउगच्या दुकानात मागच्या बाकावर ते क्लबातल्या नेमबाजांच्या पुंगळ्या तयार करून देत, आणि ज्यांना ते काम घरी करायचं असे त्यांना हत्यारं निवडून देत.

राप्प अशांपैकीच. बांधकामाचे मोठे ठेकेदार, आणि त्या भागातल्या शुट्झेनफेराइनचे, म्हणजे नेमबाजांच्या क्लबाचे, अध्यक्ष. रायफलच्या उडवलेल्या पुंगळ्या गोळा करून त्या पुन्हा भरायच्या हा त्यांचा नवा छंद होता. पुंगळी एकदा उडाली की लांबते, तोंडाशी कडक होते, बुडात काजळी धरते. तिला पुन्हा माणसात आणावं लागतं, असं वडके म्हणत.

"हे लांबी कापायचं," वडके आपल्या जर्मनमध्ये सांगत होते. "हे साधंच घ्या, हाताने फिरवायचं. दांडीवालं नको. त्याचा स्क्रू ढिला होतो आणि मग शंभर पुंगळ्या शंभर लांबीच्या. हे तोंडाचा बर, कापल्यावर उरते ती खरखरीत कड, काढायला. आतून दोन फेरे, बाहेरून दोन. तिसरा नाही. हे काजळी खरवडायला. बस्स. झालं तुमचं."

"आणि ते?" राप्पनी खोक्याकडे बोट केलं. खोक्यातल्या हत्याराला, म्हणजे पुंगळी धरायच्या धरणीला, लाकडी मूठ होती आणि पुढे तीन पोलादी जबडे. पुंगळीचं बूड त्यात धरायचं आणि तोंड ज्योतीत फिरवायचं, म्हणजे कडक झालेलं तोंड मऊ होतं.

वडक्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला, एक पुंगळी बुडाशी उघड्या बोटांत धरली आणि तोंड ज्योतीत धरून फिरवू लागले. पितळेवर निळसर, मग जांभळट झाक चढली. त्यांच्या कपाळाची शीर हलली, आणि त्यांनी पुंगळी शेजारच्या पाण्याच्या भांड्यात सोडली. चर्र झालं.

"बोटांना सोसवेना की सोडायची," ते म्हणाले. "फक्त तोंड तापवायचं. बूड तापता कामा नये. बूड मऊ झालं की पुंगळी मागून फाटते. आणि मागे तुमचं थोबाड असतं, हेर राप्प."

थोबाड हा शब्द त्यांनी जर्मनमध्येही तसाच वापरला. त्यांना दुसरा येत नव्हता.

"बोटांनी रानटी माणसं काम करतात," राप्प मजेत म्हणाले. "आपण हत्यारं वापरतो. द्या ते."

हाउग लगबगीने पुढे आले आणि त्यांनी ते हत्यार स्वतःच्या हाताने कागदात गुंडाळलं. वडक्यांनी राप्पना दाराबाहेर पडू दिलं. मग मराठीत म्हणाले, "घेऊ दे मेल्याला. लाकडी मुठीला काय चटका बसतोय! आं? श्रीनाथराव, तुमच्या पुस्तकात आहे का हे?"

माझ्या पुस्तकात ते होतं, पण आलेखांत. मी तसं सांगितल्यावर ते खूश झाले. आपण करतो ते पुस्तकात आहे याचा त्यांना फार आनंद होत असे, आणि मला तो आनंद जरा बाळबोध वाटे. तेव्हा मला बरंच काही बाळबोध वाटत असे.

त्या वर्षी वडक्यांच्या डोक्यात एकच विषय होता. हाउगनी त्यांना कबूल केलं होतं की एप्रिलपासून पुंगळ्यांचा सगळा विभाग त्यांचा, पक्की नोकरी, आणि दुकानावरच्या दोन खोल्यांची वोनुंग त्यांना. पक्की नोकरी आणि राहायला जागा, हे दोन कागद असल्याशिवाय बायकोमुलीला आणायची परवानगी मिळत नव्हती. बायको स्नेहलता तांबट आळीत सासूपाशी होती. मुलगी उल्का सात वर्षांची झाली होती. वडक्यांनी तिला पाहिलं ते दहा महिन्यांची असताना. शनिवारी दुकान बंद झालं की ते मला वर नेत आणि खोल्या दाखवत. भिंतींवरचा जुना कागद त्यांनी स्वतः खरवडून काढला होता. उल्काला शाळेत जाताना चढ पडेल का, बायकोला स्टोव्हवर भाकरी जमेल का, असल्या चौकशा ते मला करत. मी अविवाहित. मी काय सांगणार? तरी मी सांगत असे, जणू मला सगळं माहीत आहे.

जानेवारीत राप्पची पुंगळी फाटली.

क्लबाच्या मैदानावर, रविवारी सकाळी, वीस माणसांच्या देखत. बूड मागून फाटलं आणि गरम वायू उजव्या गालावर आणि डोळ्यात गेला. डोळा वाचला, पण तीन आठवडे पट्टी होती. पट्टी बांधलेल्या राप्पनी इस्पितळातूनच सांगितलं की पुंगळ्या हाउगच्या इंडियनने तयार केल्या होत्या. तो दिव्यावर पितळ तापवतो हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

खरी गोष्ट अशी होती की राप्पनी दोन खोकी वडक्यांकडून करून घेतली होती, आणि तिसरं खोकं घरी, स्वयंपाकघरातल्या गॅसवर, त्या तीन जबड्यांच्या हत्याराने स्वतः केलं होतं. पण खोक्यांवर कुणाचं नाव नव्हतं.

दुकानाच्या विमा कंपनीने तांत्रिक अहवाल मागितला. चूक दुकानाच्या माणसाची असेल तर राप्पना भरपाई मिळणार होती. चूक राप्पची असेल तर राप्पना काही मिळणार नव्हतं, आणि राप्पचा क्लब हाउगच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नव्हता. म्हणजे चूक वडक्यांची निघाली तर सगळ्यांचं भलं होतं. एकटे वडके सोडून.

फाटलेली पुंगळी आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये आली, आणि पितळेचं काम म्हणून प्रोफेसरांनी ती माझ्याकडे दिली. संध्याकाळी वडके माझ्या खोलीवर आले. ओव्हरकोट न काढताच बोलू लागले.

"बुडाच्या कडेवर बघा, श्रीनाथराव. त्या जबड्यांचे तीन दात आहेत. तापलेल्या पितळेवर उमटणार म्हणजे उमटणार. माझ्या बोटांना दात नाहीत. उमटले असतील तर ती मी केलेली नाही. बास, एवढंच बघा."

"बघतो की."

"बारीक असतील हां. सहज दिसायचे नाहीत."

"अहो वडके, माझ्याकडे मायक्रोस्कोप आहे," मी म्हणालो. किती रुबाबात म्हणालो ते मला आजही आठवतं.

खुणा होत्या. तीन, सारख्या अंतरावर, शिळ्या भाकरीवर उमटावीत तशी उथळ नखं. हाउगच्या दुकानातून मी तसलंच हत्यार मागवून घेतलं आणि जबडे जुळवून पाहिले. तंतोतंत जुळले. बुडाचा कठीणपणा मोजला. बूड तोंडाइतकंच मऊ झालं होतं. पुंगळी सबंध तापली होती, आणि ज्याच्या हाताला चटका बसत नव्हता अशा कुणीतरी ती तापवली होती. मी अहवाल लिहिला. तीन वाक्यं. पुंगळी बुडापर्यंत तापवली गेल्याने फाटली. बुडाच्या कडेवर धरणीच्या तीन जबड्यांच्या खुणा आहेत. पुंगळी बोटांनी धरली असती तर ना या खुणा उमटल्या असत्या, ना बूड इतकं तापलं असतं.

प्रोफेसरांनी तो उभ्या उभ्या वाचला. त्यांच्या खिडकीतून आमच्या नव्या प्रयोगशाळेचा पाया दिसत होता. तिथल्या पाटीवर राप्प यांचं नाव होतं. प्रोफेसर वाईट माणूस नव्हते. नाताळात त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं होतं, त्यांच्या बायकोने माझ्यासाठी मुद्दाम मांस नसलेला पदार्थ केला होता.

"आपल्याला प्रश्न काय विचारलाय?" ते म्हणाले.

"पुंगळी का फाटली."

"गेनाऊ, बरोबर. उत्तर पहिल्या वाक्यात आलं. बाकीचं कुणी विचारलेलं नाही." त्यांनी पेनने दोन वाक्यांवर रेघ ओढली, अगदी सरळ, पट्टी लावल्यासारखी. "जे विचारलं नाही ते शास्त्रज्ञ सांगत नाही. ते पोलिसांचं काम. आल्झो, तर मग, टाइप करून आणा. तुमचा प्रबंध जूनमध्ये आहे ना?"

मी "जा", म्हणजे हो, म्हणालो. दोन्ही गोष्टींना.

माझ्या बाजूने सांगायचं तर इतकंच की मी दरवाजापाशी थांबलो होतो. जास्तीत जास्त अर्धा मिनिट. जूनचा प्रबंध, माझी शिष्यवृत्ती, वडिलांनी पुण्यात सगळ्यांना सांगून ठेवलेली परतीची तारीख, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात माझ्या डोक्यातून गेलं. तांबट आळीतली सात वर्षांची मुलगी गेली नाही. ती नंतर आठवली, सही झाल्यावर.

अहवालातलं एक वाक्य शंभर टक्के खरं होतं. पुंगळी तापवली गेली होती. आणि पितळ तापवणारा माणूस म्हणून अख्खा क्लब एकाच माणसाला ओळखत होता.

अहवालाची प्रत हाउगनी वडक्यांना वाचायला दिली. ती घेऊन ते माझ्या खोलीवर आले. मी चहा केला. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"खरं आहे," ते म्हणाले. "तापलेलीच होती."

मी कपात साखर ढवळत राहिलो.

"बारीक असतात हो त्या खुणा. मी म्हटलंच होतं. तुमच्या यंत्रालाही दिसल्या नसतील." मग ते म्हणाले, "त्याला तुम्ही तरी काय करणार? जे दिसलं नाही ते कसं लिहिणार?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "चहा घ्या, गार होतोय."

हाउगनी त्यांना फेब्रुवारीअखेर काढलं. ते करताना हाउगच्या डोळ्यांत पाणी होतं असं वडके सांगत. असेलही. दोन खोल्यांची वोनुंग एका सुतार जोडप्याला गेली. हाउगनी इथल्या रिवाजाप्रमाणे कामाचं प्रशस्तिपत्र दिलं. ते वडक्यांनी मला कौतुकाने दाखवलं. 'हेर वडके यांनी सोपवलेलं काम पार पाडण्याचा नेहमी मनापासून प्रयत्न केला.'

"मनापासून म्हटलंय बघा. म्हातारा मनाने चांगलाच."

या देशात प्रशस्तिपत्रात वाईट लिहायची पद्धत नाही. आमच्या इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरीने मला एकदा हसत हसत सांगितलं होतं की 'प्रयत्न केला' असं लिहिलं की वाचणारा समजतो, माणसाला काम येत नव्हतं. वडके ते पत्र घेऊन चार महिने हत्यारांच्या कारखान्यांची दारं ठोठावत हिंडले. सगळीकडे त्यांना बसायला खुर्ची मिळाली, कॉफी मिळाली आणि नम्र नकार मिळाला. पत्राचा अर्थ मला माहीत होता आणि मी त्यांना सांगितला नाही. सांगितला असता तर मग माझ्याही कागदाचा अर्थ सांगावा लागला असता.

जूनमध्ये मी डॉक्टर झालो. पुण्याहून तार आली. पुढे इथेच नोकरी मिळाल्यावर मी राहिलो.

सहासष्ट सालच्या शरद ऋतूत एर्लांगेनला एका परिषदेला जायचं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात, का कोण जाणे, मी हेस्लाखचा चढ चढून हाउगच्या दुकानात गेलो. म्हातारा थकला होता. मी त्या लाकडी मुठीच्या हत्याराबद्दल विचारलं.

"ते आम्ही ठेवत नाही, हेर डॉक्टर," हाउग म्हणाले. "चौसष्टच्या मार्चपासूनच ठेवत नाही. धोकादायक आहे. हेर राप्पनीच सांगितलं, क्लबात कुणाला विकू नका म्हणून." मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण अहवालात तसं नव्हतं ना. तुम्ही तर जे विचारलं तेवढंच लिहिलंत."

मी तिथून बाहेर पडलो तेव्हा मला संताप आला होता. कुणाचा, ते मी ट्राममध्ये बसेपर्यंत ठरवू शकलो नाही.

एर्लांगेनमध्ये वडके एका कारखान्याच्या गोदामात पेट्या बांधायचं काम करत होते. कामगारांच्या वोनहाइममध्ये, म्हणजे वसतिगृहात, चौघांत एक खोली. मी रविवारी दुपारी गेलो. दार उघडल्याबरोबर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. दाढी पांढरी झाली होती, वय चाळिशीच्या आतलं.

"या, या, डॉक्टरसाहेब! भात टाकलाय. बटाट्याची भाजी केलीय, मोहरी संपलीय, चालवून घ्या."

घरचं विचारलं. उल्का चौथीत गेली होती. अक्षर छान होतं तिचं. स्नेहलतावहिनींनी गेल्या पत्रात लिहिलं होतं की आता आमचं यायचं नका बघू, पोरीची शाळा मोडेल, तुम्हीच या. "जायचंय," वडके म्हणाले. "पण तिकडे आळीत कसं कोण जाणे कळलंय की माझ्या कामाने कुणाचा तरी डोळा गेला. तांबटाच्या कामाला नाव ठेवलं की संपलं हो. आमच्यात मुलीच्या सोयरिकीपर्यंत जातं ते." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. भात शिजला का ते झाकण काढून बघत सांगितलं.

मी त्यांना हाउगचं सांगितलं. हत्यार बंद केलं हे ऐकून ते खरोखरच खूश झाले.

"केलं का बंद? बरं झालं. कुणाचे तरी डोळे वाचतील."

टेबलावर आम्ही तिघं होतो. तिसरा त्यांच्या खोलीतला कोस्टास नावाचा ग्रीक, रात्रपाळीनंतरच्या झोपेतून उठून जेवायला बसलेला. वडक्यांनी त्याला मोडक्या जर्मनमध्ये माझी ओळख करून दिली. "हा माझ्या गावचा. डॉक्टर. पितळेचा डॉक्टर. माझ्या वेळी यानेच ती पुंगळी तपासली. एक अक्षर खोटं लिहिलं नाही."

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मी तो गिळला असता. टोमणा नव्हता. अभिमान होता.

कोस्टासने माझ्याकडे पाहून मान डोलवली आणि जेवता जेवता सहज विचारलं, "मग? काय दिसलं त्यात?"

अडीच वर्षांत मला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. प्रोफेसरांना तो नको होता, हाउगना नको होता, वडक्यांनी तो माझ्यासाठी सोडून दिला होता. मी घास खाली ठेवला आणि जर्मनमध्ये, शब्द न बदलता, ती दोन वाक्यं म्हणालो. बुडाच्या कडेवर धरणीच्या तीन जबड्यांच्या खुणा आहेत. पुंगळी बोटांनी धरली असती तर ना या खुणा उमटल्या असत्या, ना बूड इतकं तापलं असतं.

कोस्टासला काही कळलं नाही. त्याने पुन्हा मान डोलवली आणि बटाट्याकडे हात केला.

वडक्यांच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. मी काहीतरी बोलायला लागलो, प्रोफेसर, प्रबंध, रेघ, असलं काहीतरी. त्यांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं," ते मराठीत म्हणाले.

मग त्यांनी आधी कोस्टासला भात वाढला. मग माझ्या ताटात, पाहुण्याला वाढतात तसा, दोन वेळा. स्वतःच्या ताटात त्यांनी काहीच घेतलं नाही. डाव पातेल्यात ठेवून ते उठले, नळाखाली हात धुतले, आणि माझं जेवण होईपर्यंत खिडकीपाशी पाठ करून उभे राहिले.